मदत हवी आहे: अव्वांचं ऑपरेशन अडलंय, कारण चिन्नीला ठेवायला कुणी नाही (सोलापूर, पूर्व भाग)

पूर्वभागवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात राहणाऱ्या किंवा सोलापूरची माहिती असलेल्या लोकांकडून मदत पाहिजे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत एक अव्वा राहतात. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वयस्कर बाईला अव्वा म्हणतात.) वय ६७. नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी भिवंडीला दिलीय, तिचंच तिथं कसंबसं चाललंय. अव्वा विड्या वळतात. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता सहा-सातशेवर हात थांबतो. त्यातही कारखान्यात छाट (नापास केलेल्या विड्या) निघाली की तेवढी मजुरी गेली.

घरात दुसरं माणूस नाही. चिन्नी आहे. चार वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवाच्या गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली येता येता वाचलेलं पिल्लू अव्वांनी पदरात घालून आणलं, तीच ही. तांबूस रंगाची, एक कान पडलेला. गावठीच. अव्वा सूप मांडीवर घेऊन बसल्या की ही उंबऱ्यात पाठ लावून बसणार. चाळीत कुणाचं पोर रात्री उठलं तरी पहिली हिला कळतं.

आता अडचण. अव्वांना हर्निया आहे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा घागरी-बादल्या त्या एकट्याच भरत आल्या. त्यातच वाढला असणार. सिव्हिलला दाखवलं. ऑपरेशन सांगितलंय आणि २४ तारीख मिळालीय. रेशन कार्ड आहे, योजनेची कागदपत्रं झाली. म्हणजे पैशाचा मोठा प्रश्न सुटलाय. तरीही बाई तयार नाही. मागच्या महिन्यात अशीच तारीख मिळाली होती, सकाळी रिक्षा दारात, पिशवी भरलेली, आणि अव्वा उंबऱ्यावर बसून राहिल्या. "मी तिकडं, मग हिला कोण बघतंय?" एवढंच. रिक्षावाल्याला वीस रुपये देऊन परत पाठवला.

चाळीत कुणी चिन्नीला का ठेवत नाही, त्यालाही कारण आहे. दोन-अडीच महिने तिच्या मागून रक्त ठिबकतंय. सुरुवातीला सगळे म्हणाले माजावर आलीय, थांबेल. थांबलं नाही. ओट्यावर, जिन्यात थेंब पडतात, अव्वा फडकं घेऊन मागं मागं पुसत फिरतात. बायका ओरडतात, लहान पोरं आहेत, रोग लागेल. घरमालकानेही एकदा ऐकवलंय. एका खासगी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले आत फुलकोबीसारखी गाठ आहे, टीव्हीटी म्हणतात, इंजेक्शनं लागतील. आकडा ऐकून अव्वा चिन्नीला उचलून बाहेर आल्या.

आणि एक चूक माझी. तिला दुखत असेल म्हणून मी मेडिकलमधून आपली माणसांची दुखण्याची गोळी आणून अर्धी दिली. दोन दिवस उलट्या. अव्वा मला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

खाण्याचं सांगतो. अव्वांचं एकटीचं कार्ड आहे, महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, त्यात दोघी. संध्याकाळी कोंबडीच्या दुकानात दहा-वीस रुपयांचे पाय मिळाले तर भातात शिजवून घालतात. स्वतः खातात का, हे विचारायची सोय नाही.

तर माझे प्रश्न: चिन्नीचे उपचार कमी खर्चात कुठं होतील? २४ ते साधारण ३० तारखेपर्यंत तिला कोण ठेवून घेईल? आणि अव्वा परत आल्यावर पाणी भरायचं काय? रोख पैसे कुणी पाठवू नका, मला हिशेबाच्या भानगडीत पडायचं नाही. औषध लागलं तर दुकानात परस्पर भरा, पावतीचा फोटो मी टाकतो.

मी स्वतः टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, एरवी सकाळी नऊ ते रात्री आठ. घरात आई आणि दम्याचे वडील, खोली एकच. नाहीतर हा धागा काढला नसता.

---

जुळे_सोलापूर

वाईट वाटून घेऊ नका, पण माणसांना खायला मिळेना आणि कुत्र्याची पंचाईत कशाला? एमआयडीसीकडं नेऊन सोडा, तिकडं हॉटेलं आहेत, जगेल. म्हातारीचं ऑपरेशन महत्त्वाचं.

---

पूर्वभागवाला

दादा, ऑपरेशन महत्त्वाचं आहे म्हणूनच लिहिलंय. चिन्नीला सोडून आलो तर अव्वा दवाखान्यात जाणार नाहीत, तिला शोधायला जातील. हे मी अंदाजाने म्हणत नाही, एकदा दिवसभर फिरल्या आहेत, पार अक्कलकोट रोडपर्यंत, पोटाला फडकं बांधून. शिवाय पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे.

---

निवृत्त_पशुवैद्य

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त आहे, सध्या बार्शीत. मुद्द्याचं लिहितो.

टीव्हीटी असेल तर घाबरू नका. हा कर्करोगाचाच प्रकार, पण विचित्र. गाठीतल्या पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून. माणसाला होत नाही, तुमच्या चाळीतल्या बायकांना हे आधी सांगा. वर कुणीतरी एमआयडीसीत सोडा म्हणालं. तसं केलं असतं तर तिथल्या दहा कुत्र्यांना वाटप झालं असतं.

औषध व्हिन्क्रिस्टिन. माणसांच्या कर्करोगातही वापरतात, त्यामुळे मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं आणि औषध म्हणून फार महाग नाही. आठवड्याला एक, शिरेतून, साधारण चार ते सहा इंजेक्शनं. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पण दोन गोष्टी: प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी कमी होतात. आणि औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं. म्हणून ओळखीचा कंपाउंडर घरी येऊन देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा.

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. केसपेपरची फी किरकोळ असते. गाठीचा नमुना काचेवर घेऊन आधी खात्री करून घ्यायला सांगा. औषध शिल्लक नसेल तर चिठ्ठी लिहून देतील. १९६२ नंबरला फोन केल्यावर येणारी फिरत्या पशुदवाखान्याची गाडी मुख्यतः खेड्यातल्या गाई-म्हशींसाठी आहे, शहरात तिची वाट बघत बसू नका, सरळ रिक्षाने जा.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस तिची लघवी-शी हातमोजे घालूनच काढायची. एक-दोन डोसांतच रक्त कमी होईल. कोर्स संपल्यावर नसबंदी करून घ्या.

आणि ती गोळी. आयब्युप्रोफेन दिली असणार. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाऊ शकते. पुन्हा कधी नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलही विष. तंबाखूसुद्धा, विड्यांचं सूप, भुकटी तिच्या तोंडापासून लांब ठेवा. रेबीजची लस कधी झालीय?

---

पूर्वभागवाला

सर, खूप आभार. लस मागच्या वर्षी २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाच्या मोफत शिबिरात झाली. कागद अव्वांनी देवाच्या फोटोमागं ठेवलाय. पण वर्ष उलटून गेलं.

---

निवृत्त_पशुवैद्य

मग दर वर्षीची राहिली. कोर्स चालू असताना कधी द्यायची ते तिथल्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून आज देऊन टाकू नका. तो कागद मात्र सोबत न्या. चिन्नीला ज्याच्याकडे ठेवाल तोही बघायला मागेल.

---

सेतूवाला_काका

माझं कुत्र्याचं ज्ञान शून्य. पण तुम्ही खाण्याचं लिहिलंय त्यात मला दुसरंच दिसतंय. ६७ वय, विधवा, एकटी, मग त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे का मिळत नाहीत? ६५ च्या वरच्या निराधारांना महिना १५०० रुपये आहेत, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँक पासबुक घेऊन तहसीलला अर्ज. विडीची मजुरी उत्पन्नात कशी धरतात ते तलाठ्याकडं नीट बोलून घ्या, खोटं काही लिहू नका.

दुसरं, कार्ड कुठलं आहे? प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो, म्हणजे तुम्ही म्हणता तेच. अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो, मग घरात माणूस एक असो की सहा. एकट्या निराधार वृद्धेचा त्यात विचार होतो. शिल्लक इष्टांक (कार्डांचा ठरलेला कोटा) असेल तरच मिळतं, पण अर्ज पुरवठा शाखेत पडून तरी राहू दे. चिन्नीच्या भाताचं उत्तर मला तिथं दिसतं.

---

पूर्वभागवाला

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. श्रावणबाळचा अर्ज त्यांनी कधी केलाच नाही, "कोण जाणार लायनीत" म्हणतात. शनिवारी अर्धी सुट्टी टाकून कागदपत्रं गोळा करतो.

---

कडक_भाकरी

माझा भाऊ रिक्षा चालवतो, अशोक चौकातच थांबतो. रक्ताचं म्हणताय तर सीटवर पोतं टाका आणि खाली प्लास्टिक. जायचं-यायचं भाडं घेणार नाही, फक्त सकाळी शाळेची पोरं सोडून झाल्यावर, दहानंतर. निरोप पाठवा, नंबर देते.

---

घरकुलची_ताई

दादा, मी कुंभारीला विडी घरकुलात राहते. आमचं घर कडेचं, मागं पत्र्याची शेड आहे, दोन शेळ्या बांधते. आता एकच शेळी आहे, जागा रिकामी. कुत्रं नाही माझ्याकडं, त्यामुळं सर म्हणतात तसं दुसऱ्याला लागायची भीती नाही. सात दिवस ठेवीन. मीसुद्धा विड्याच वळते, दिवसभर घरातच असते. खायला आमच्यातलंच मिळेल, वेगळं काही जमणार नाही.

चावते का? खरं सांगा. माझी नात पाच वर्षांची आहे.

---

पूर्वभागवाला

ताई, चावत नाही. गुरगुरते, ते सुद्धा कुणी अव्वांच्या सुपाला हात लावला तर. नातीला फक्त जेवताना तिच्याजवळ जाऊ देऊ नका. आणि एक गंमत सांगायची राहिली: तिला मराठी कळत नाही. "ये" म्हटलं तर बघत बसते. "रा" म्हटलं की येते.

---

घरकुलची_ताई

मग तर झालंच की. आमच्या घरात सगळं तेलुगूच. अव्वांना म्हणावं, माझ्याशी फोनवर बोला एकदा. परक्या घरात सोडताना जीव तुटतो, माझी शेळी विकली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते.

---

जुळे_सोलापूर

मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. पहिल्या दोन इंजेक्शनांची चिठ्ठी टाका, दुकानात फोन करून मी भरतो.

---

पूर्वभागवाला (अपडेट)

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

सर्वचिकित्सालयात दोनदा जाऊन आलो. काचेवरचा नमुना बघून टीव्हीटीच आहे म्हणाले. रक्त ठीक आलं, पहिलं इंजेक्शन ९ तारखेला झालं, दुसरं १६ ला, तिसरं आज २३ ला. सलाईनची सुई लावताना चिन्नीने अव्वांच्या बगलेत तोंड खुपसलं आणि शेवटपर्यंत काढलं नाही, एवढंच. रक्त जवळजवळ थांबलंय, दिवसात एखादा थेंब. खाणं पहिल्या इंजेक्शननंतर दोन दिवस मंदावलं, मग भाताच्या पेजेवर आली. चिठ्ठीचं औषध दोन्ही वेळा जुळे_सोलापूर यांनी भरलं, पावत्या खाली लावल्यात. आजचं तिथंच शिल्लक होतं.

चाळीतल्या बायकांना मी सांगितलं तर पटलं नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर "माणसांस संसर्ग नाही" असं लिहून दिलं, तो कागद जिन्यात चिकटवला, तेव्हा पटलं. आपल्याकडं शिक्का लागतो.

श्रावणबाळचा अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. अंत्योदयचं काही कळत नाही अजून.

अव्वा आणि ताई फोनवर पाऊण तास बोलल्या. त्यातला माझ्या कानावर आलेला अर्धा भाग पानाचा भाव आणि छाट यावरच होता. शेवटी फोन ठेवून अव्वा म्हणाल्या, "बरी आहे बाई." उद्या सकाळी साडेसातला सिव्हिल.

आता एकच राहिलंय. डॉक्टरांनी घरी आल्यावर दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही सांगितलंय. आमच्या भागात पाणी रात्री उशिरा सोडतात. मी असलो तर भरतो, पण महिन्यातून दोन आठवडे मला कारखान्यात रात्रपाळीचा हिशेब असतो. जवळपास राहणारा कुणी पोरगा असेल, पाण्याच्या रात्री अर्धा तास येऊन चार घागरी आणि एक पिंप भरून देईल, तर सांगा. चहा माझ्या घरी.

---

कडक_भाकरी

भाऊच येतो म्हणाला. त्याची रिक्षा तसंही रात्री बारापर्यंत तिथंच असते. कधीचा नंबर आहे पाण्याचा?

---

पूर्वभागवाला

बहुतेक २८ ला रात्री, वेळ नक्की झाली की कळवतो. त्याला सांगा, घागरींना हात लावताना चिन्नी तिथं नसेल तोपर्यंत सोपं आहे, ती परत आली की ओळख करून द्यावी लागेल.

ताई, आज संध्याकाळी सहाला चिन्नीला घेऊन येतो. सर म्हणाले ते हातमोजे सोबत देतो, दोन-तीन दिवस तेवढे वापरा. अव्वांची जुनी चादर पण आणतोय, ती तिच्याखाली टाका. वास येतो जरा, पण धुवू नका.