मदत हवी आहे : पाण्याखालील यंत्रमानवाची केबल-जोडणी

नमस्कार. तीन माणसांना समुद्रात ६००० मीटर खोल नेण्यासाठी आखलेल्या ‘मत्स्य ६०००’ या यानाविषयी वाचल्यापासून, समुद्र दूर असला तरी, आम्ही बेळगावातील काही मित्र विहिरीत २० मीटरपर्यंत उतरेल असा यंत्रमानव बांधत आहोत. रेडिओलहरी पाण्यात फार दूर पोचत नसल्याने केबल अटळ आहे. ब्रशलेस (घासणारे ब्रश नसलेल्या) मोटारी पाण्यात भिजूनही चालतात. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतलेले, आतील विद्युत भाग कोरडे ठेवणाऱ्या डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकण ओ-रिंगसह (रबरी कडीसह) घट्ट बसते. केबल झाकणातून आत जाते तिथली फट आम्ही इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट राळ) ओतून बुजवली आहे. मात्र २० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे तिप्पट होतो आणि केबलच्या पीव्हीसी आवरणापासून इपॉक्सी सुटते. आवरण सोलून, प्रत्येक तारेच्या तंतूंमधील पोकळी सोल्डरने बंद करून मगच इपॉक्सी ओतावे का? पॉलियुरेथेन आवरणाची केबल बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात सुटी मिळते का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.