बाहुलीच्या कमरेला पंप
टाइप १ मधुमेह असलेली बार्बी प्रत्येक वर्गात ठेवावी, असं तुम्ही म्हणताय. मला अर्धंच पटलं. माझ्या लेकीला दुसरीत असताना टाइप १ निघाला. जुलै २०२५मध्ये ही बार्बी आली आणि तिच्या मावशीने ती परदेशातून पाठवली. निळा ठिपक्यांचा पोशाख, कमरेला शरीरात इन्सुलिन सोडणारा पंप, दंडावर साखर मोजणारा सेन्सर, तोही बदामाच्या आकाराच्या चिकटपट्टीने लावलेला. पोरगी हरखली. मग स्वतःची बोटं बघत म्हणाली, "आई, हिला टोचावं लागत नाही?" आमच्याकडे इन्सुलिन टोचायचं पेन आणि बोट टोचून साखर मोजायचा ग्लुकोमीटर, पंप परवडत नाही. काय सांगणार?

चार दिवसांनी बघते तर पंपावर स्टिकर चिकटवलेला आणि बाहुली लग्नाला निघालेली! खेळात तरी आजार नको असेल तिला.

पण शेजारची मैत्रीण "गोड फार खाल्लंस म्हणून झालं ना?" असं विचारायची. तिला लेकीने हीच बाहुली हातात घेऊन समजावलं, की शरीरच इन्सुलिन बनवायचं थांबतं, चॉकलेटचा दोष नाही. (सासूबाईंना मी हे अजून समजावतेच आहे.) म्हणून बाहुली घरात आहे. वर्गात मात्र नको. ती कपाटातून निघाली की सगळी पोरं आधी माझ्या लेकीकडे वळून बघणार.