गाडीत दुसरी बॅटरी: मेकॅनिक म्हणतोय थेट जोडून टाका, करू का?

भटकी_चाकं:
नमस्कार मंडळी, जुनी ट्रॅव्हलर घेतलीय, मागच्या सीटा काढून बेड आणि छोटा ओटा झालाय, आता लायटीचं काम राहिलंय. गाडी १२ व्होल्टची. कंप्रेसरवाला फ्रिज (४५ वॅट), चार एलईडी, छोटा पंखा, पाण्याचा पंप आणि फोन-लॅपटॉप एवढंच चालवायचंय. मे महिन्यात तारकर्ली ठरलंय, पुढे कधीतरी स्पिती. मेकॅनिक म्हणतोय घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिडवाली बॅटरी पडलीय ना, तीच मागे ठेवा आणि पुढच्या बॅटरीला जाड वायरने जोडून टाका, गाडी चालू असली की दोन्ही चार्ज होतील. पण रात्रभर फ्रिज चालला आणि सकाळी सेल्फच लागला नाही तर पोराबाळांना घेऊन काय करू? प्लीज नीट सांगा कोणीतरी.

वायरिंगवाले_काका:
थेट अजिबात जोडू नका. थेट जोडलं म्हणजे दोन्ही मिळून एकच बॅटरी झाली, फ्रिज दोन्ही उतरवणार, तुमची भीती बरोबर आहे. आणि ती ट्यूब्युलर घरीच राहू द्या, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तुम्ही त्याच बंद डब्यात झोपणार, शिवाय घाटात ॲसिड हिंदकळतं आणि वजन ५० किलोच्या वर.

आधी हिशोब करा. मे महिन्यात कोकणात फ्रिजचा कंप्रेसर निम्मा वेळ तरी चालणार, म्हणजे ४५ वॅटने दिवसाला साधारण ५४० वॉट-अवर. पंखा १२०, लाइट ५०, फोन-लॅपटॉप १५०, पंप किरकोळ. झाले ८६० च्या आसपास. १२.८ व्होल्ट १०० एएचच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीमध्ये १२८० वॉट-अवर असतात, एक दिवस-रात्र आरामात निघते.

घाटवाट:
व्हीएसआर (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले) टाका की, स्वस्तात काम होतं. इंजिन चालू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. माझ्या गाडीत मागे एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) आहे, काही त्रास नाही.

वायरिंगवाले_काका:
घाटवाट भाऊ, एजीएमला चालतं, मान्य. पण लिथियम भरलेली असली की इंजिन बंद असतानाही १३.३ च्या आसपासच बसते, मग रिलेला तोडायचं कळतच नाही. आणि रिकामी लिथियम करंट इतका ओढते की आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग) तापून जातो. नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) खालीवर करतो तो भाग वेगळाच. म्हणून लिथियमला डीसी-टू-डीसी चार्जर (पुढच्या बाजूची वीज घेऊन मागची बॅटरी ठरावीक करंटने भरणारा), ३० अँपिअरचा. साधारण ४०० वॅट जातात, तीन तास गाडी चालली की दिवसाचं भरून निघतं. त्याची इग्निशनची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर गाडी बंद असताना पुढची बॅटरी उतरत राहील.

भटकी_चाकं:
काका खूप आभार, लिथियमच घेतो. वायर कुठली? घराच्या कामातली ४ स्क्वेअरची (चौरस मिमी) गुंडाळी उरलीय, आणि एमसीबी पण आहेत.

वायरिंगवाले_काका:
दोन्ही नको. ३० अँपिअर देताना चार्जर पुढून ३५-४० ओढतो. जाऊन-येऊन १० मीटर धरली तर ४ स्क्वेअरमध्ये दीड व्होल्टच्या वर वाटेतच जातात आणि वायर तापते. १६ स्क्वेअर घ्या, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची, दुकानात खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वायरच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, वायर पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडं) लावा.

घरचा एमसीबी एसी करंटसाठी असतो, गाडीतला करंट डीसी. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यात तो वितळू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक सोडतात. त्या लांब वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. पुढच्या बॅटरीपाशी फ्यूज टाकला आणि वायर मध्येच पत्र्यावर घासून उघडी पडली तर पुढचा फ्यूज उडेल, पण मागच्या बाजूला काहीच नसेल तर लिथियम त्याच जागी करंट ओतायला मोकळी. चार्जर अडवेल याच्या भरवशावर राहू नका. म्हणून ६० अँपिअरचा फ्यूज दोन्हीकडे, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. त्यानंतर फ्रिज, पंप, लाइट यांना वेगवेगळे छोटे फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो, वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको.

घाटवाट:
लिथियमचं पटलं काका. स्पितीसाठी एक भर घालतो, लिथियम शून्य अंश तापमानाच्या खाली चार्ज करायची नसते, तेव्हा लो-टेम्परेचर कटऑफवाला बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) आहे का बघूनच घ्या, आणि बॅटरी बेडखाली आत ठेवा. सीटा काढल्यात तर आरसीवर नोंद करून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं ते.

भटकी_चाकं:
आरटीओचं डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पुढेमागे मिक्सर-इंडक्शन चालेल का यावर?

वायरिंगवाले_काका:
मिक्सर चालेल, इन्व्हर्टर चांगला घ्या. इंडक्शन २००० वॅटचं म्हणजे १२ व्होल्टला जवळपास १९० अँपिअर, एवढा करंट १०० एएचची बॅटरी देणार नाही, बीएमएसच बंद करेल. स्वयंपाक गॅसवर करा, खिडकी उघडी ठेवून. काम सुरू करण्याआधी फ्यूज-वायरचं चित्र काढून इथे टाका, बघून सांगतो.