'आरोपीची साक्ष' की 'आरोपीचा जबाब'?

गिरगावकर: खुनाच्या खटल्यात आरोपी न्यायाधीशांसमोर बोलला, की दुसऱ्या दिवशी कुठे 'आरोपीची साक्ष' छापून येतं, कुठे 'जबानी', कुठे थेट 'कबुली'. लोकलमध्ये वाद रंगतात तेही याच शब्दांवर. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि आरोपी बोललाच नाही तर काय लिहायचं?

मुलुंडकर: चालत नाहीत. साक्ष शपथेवर होते आणि तिच्यामागे उलटतपासणी येते. आपल्याकडे खुनाच्या बहुतेक खटल्यांत आरोपी साक्ष देतच नाही, जबाब देतो. सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले, की पुराव्यात त्याच्याविरुद्ध आलेली एकेक गोष्ट न्यायाधीश त्याला विचारतात: 'अमुक साक्षीदार म्हणतो, त्याने तुम्हाला जिना उतरताना पाहिलं. याबाबत काय म्हणायचं आहे?' शपथ नसते, आणि उत्तर खोटं निघालं किंवा दिलंच नाही, तरी त्याबद्दल शिक्षा नसते. हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३; १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१.

उत्तरं बहुधा 'खोटं आहे', 'माहीत नाही' एवढीच. बाहेर त्याचा अर्थ 'निगरगट्ट आहे, एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही' असा लावला जातो. पण प्रश्नच तसे असतात. न्यायाधीश तिथे त्याची हकिगत काढून घेत नसतात, पुराव्यावर त्याचं म्हणणं घेत असतात. आणि यात हयगय झाली तर खटला लंगडा होतो. जी गोष्ट आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या सारडा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे.

दादरकर: शब्दांची मुळंही हेच सांगतात. 'साक्षी' म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला, त्यात 'अक्षि' आहे. 'जबाब' अरबी 'जवाब', म्हणजे उत्तर. 'जबानी' फारसी 'जबान'वरून, तोंडी सांगितलेलं. न्यायाधीशांच्या प्रश्नाला आरोपी देतो ते उत्तर, म्हणून 'जबाब' चपखल बसतो.

घोळ होतो तो पोलीस ठाण्यामुळे, कारण तिथेही 'जबाब नोंदवला' असंच म्हणतात. त्या जबाबावर सही घेत नाहीत, आणि तो देणारा पुढे साक्षीत वेगळं बोलला तर मुख्यतः ती विसंगती दाखवायला तो उपयोगी पडतो. म्हणून नुसतं 'जबाब' लिहू नका. 'पोलिसांपुढील जबाब', 'न्यायालयातील जबाब' असं लिहा. एका शब्दाने वाचकाची दिशाभूल टळते.

आणखी एक. हिंदीतलं 'साक्ष्य' म्हणजे सगळा पुरावा, रक्ताळलेला चाकूसुद्धा. मराठी 'साक्ष' माणसाचीच. नव्या पुरावा कायद्याच्या ('भारतीय साक्ष्य अधिनियम') नावात 'साक्ष्य' आल्यापासून दोन्हींची सरमिसळ वाढली आहे.

गिरगावकर: मग 'कबुली'?

मुलुंडकर: सगळ्यांत जपून वापरायचा शब्द. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही; तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग चालतो. 'कबुलीजबाब' म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी आधी 'तुमच्यावर सक्ती नाही, हा तुमच्याविरुद्ध वापरला जाईल' असं बजावून नोंदवलेला.

कसाबचा खटला आठवा. २० जुलै २००९ ला, खटला सुरू असताना, त्याने भर न्यायालयात गुन्हा मान्य केला. ती मान्यता अर्धवट आहे म्हणून न्यायालयाने खटला पुढे चालवला. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्याने सगळं नाकारलं. लोकांच्या दृष्टीने जुलैतच निकाल लागला होता. न्यायालयाचा निकाल मे २०१० मध्ये आला, साक्षीपुरावा पूर्ण तपासून.

दादरकर: 'निकाल' आणि 'कौल' यांतही गल्लत होते. कौल ज्यूरीचा, म्हणजे खटला ऐकायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा 'दोषी नाही' कौल दिला. न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. शहराची सहानुभूती मात्र उघडउघड त्यांच्या बाजूला होती. ज्यूरी गेली, तरी 'लोकांनी कौल दिला' हा प्रयोग टिकून आहे. आरोपीच्या जबाबावरच्या प्रतिक्रियांना तो लावू नये असं माझं ठाम मत आहे.

गिरगावकर: बोललाच नाही तर काय लिहायचं, ते राहिलं.

मुलुंडकर: 'साक्ष द्यायला नकार' लिहू नका. त्यातून त्याला बोलावलं आणि त्याने टाळलं असं वाटतं. आरोपीला साक्षीदार म्हणून कोणी बोलावूच शकत नाही; त्याने स्वतः लेखी विनंती केली तरच तो शपथेवर उभा राहतो. नाही राहिला, तर त्यावर विरुद्ध पक्षाने वा न्यायालयानेही टिप्पणी करायची नाही, असं कायदाच सांगतो. 'निर्दोष असता तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता' ही बाहेरची सर्वांत आवडती प्रतिक्रिया, आणि आत तेच बोलायला मनाई आहे.

न्यायाधीशांच्या प्रश्नांवर गप्प राहणं मात्र वेगळं. पुराव्याची बाकीची साखळी पूर्ण असेल, तर न दिलेला किंवा खोटा खुलासा तिच्यात आणखी एक कडी म्हणून धरला जातो. साखळीच तुटकी असेल, तर त्याने ती जोडली जात नाही.

म्हणून पहिल्या प्रकाराला 'आरोपीने बचावात साक्ष दिली नाही' आणि दुसऱ्याला 'प्रश्नांना उत्तर देण्याचे टाळले'.