मदत हवी आहे: क्रॅश टीमच्या ६ पैकी २ पेजरवर ग्रुप कॉल येत नाही, टोनही चुकीचा वाजतो

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात दूरसंचार विभागात तंत्रज्ञ आहे. आपल्याकडे पेजर १९९५च्या सुमारास आले आणि मोबाइलने काही वर्षांतच ते हद्दपार केले. इथे अजून ते रोजच्या वापरात आहेत, लोक त्यांना ब्लीप म्हणतात. २०२१ संपेपर्यंत ते बंद करा, असं इथल्या सरकारने २०१९मध्ये सांगितलं होतं. तरी आमची क्रॅश टीम, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाकडे धावणारी मंडळी, आजही ब्लीपवरच अवलंबून आहे. वॉर्डातून कोणी २२२२ फिरवलं की स्विचबोर्ड ग्रुपच्या पत्त्यावर, म्हणजे टीमच्या सगळ्या पेजरमध्ये भरलेल्या सामाईक क्रमांकावर, संदेश सोडतं.

गेल्या आठवड्यात या टीमचे सहाही पेजर बदलले, पोक्सॅग या पेजर-संदेशांच्या पद्धतीचेच, १२०० बॉड वेगाचे. प्रत्येकात दोन पत्ते भरले: पहिला ज्याचा त्याचा, दुसरा ग्रुपचा. खरे पत्ते इथे देत नाही, नमुन्याचे देतो. ग्रुप १२०००४०. चौघांना त्यांचे जुनेच पत्ते ठेवले: १२००१०४, १२००११२, १२००१२०, १२००१२८. टीममध्ये दोघे नव्याने आले, त्यांना पुढचे ओळीने दिले: १२००१२९ आणि १२००१३०.

सकाळच्या चाचणी कॉलला चौघांचे वाजले. या दोघांचे गप्प. त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवलं की मात्र लगेच वाजतात. बॅटरी बदलली, ग्रुपचा पत्ता दोनदा पुसून भरला, काही फरक नाही.

दुसरी अडचण मला जास्त घाबरवते. क्रॅश कॉलसाठी सलग लांब टोन लावला होता, पेजर सायलेंटवर असला तरी तो वाजावा अशी खूणही केली होती. प्रत्यक्षात ज्यांचे वाजले त्यांना साधी दोन टोल्यांची बीपच ऐकू आली. एन्कोडरवर, म्हणजे संदेश पेजरच्या संकेतांत बदलणाऱ्या यंत्रावर, क्रॅशला फंक्शन ३ आहे (फंक्शन म्हणजे संदेशासोबत जाणारा प्रकार-क्रमांक, त्यावरून पेजर टोन निवडतो), पेजरमध्येही मी ३ वरच टोन लावला आहे. रात्री डुलकी लागलेल्या रजिस्ट्रार डॉक्टरला ही बीप वेगळी कशी कळणार? सध्या दोघांना जुने पेजर परत दिलेत आणि स्विचबोर्ड सहाही जणांना फोन करतंय. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमचे चार जुने पत्ते ८ ने भागून बघा. चारही निःशेष भागले जातात, ग्रुपचाही जातो. १२००१२९ ला बाकी १ उरते, १३० ला २. तुमचं दुखणं तिथेच आहे.

पोक्सॅगचा पत्ता २१ बिटांचा, पण हवेतून त्यातले १८च जातात. उरलेले ३ बिट संदेश कोणत्या फ्रेममध्ये, म्हणजे वेळेच्या कोणत्या कप्प्यात, आला त्यावरून ठरतात. संदेश बॅचने, म्हणजे गठ्ठ्याने, जातात आणि एका बॅचमध्ये अशा ८ फ्रेम असतात. बॅटरी वाचावी म्हणून पेजर आपल्या फ्रेमपुरताच जागा होतो. काही मॉडेलं पहिल्या पत्त्याचीच फ्रेम ऐकतात, त्यामुळे दुसरा पत्ता वेगळ्या फ्रेमचा भरला तर तो कधीच ऐकू येत नाही, आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. तुमच्या आधीच्या माणसाने आठ-आठच्या अंतराने पत्ते दिले होते ते जाणूनबुजून. नव्यांना १२००१३६ आणि १२००१४४ द्या.

टोनचं म्हणाल तर फंक्शन चारच असतात. कुठे ती ० ते ३ मोजतात, कुठे १ ते ४, कुठे ए ते डी. तुमचा एन्कोडर ० पासून मोजत असेल तर त्याचा ३ म्हणजे चौथं फंक्शन, डी. पेजरचं सॉफ्टवेअर १ पासून मोजत असेल तर तुम्ही टोन लावलात तो सी ला. सायलेंटची खूणही तिथेच गेली असणार. डी ला कारखान्यातून आलेली बीप तशीच राहिली.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो: टोन डी वर नेताना त्या फंक्शनचा संदेश-प्रकार अक्षरी आहे ना ते बघा. तो अंकी राहिला तर वॉर्डाच्या नावाऐवजी पडद्यावर आकडे, आडव्या रेघा आणि कंस दिसतील. आणि चाचणी स्विचबोर्डला आधी सांगूनच करा, नाहीतर टीम खरोखर धावत सुटेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एन्कोडर ० पासूनच मोजतो, आज तपासलं. दुपारी दोन्ही पत्ते बदलले, सहाही पेजरमध्ये टोन डी वर नेला, प्रकार अक्षरी केला. स्विचबोर्डला सांगून पेजर सायलेंटवर ठेवून ग्रुप कॉल सोडला. सहाही एकदम वाजले, लांब टोनने, वॉर्डाचं नावही नीट आलं.

आधीच्या माणसाने पत्ते का सोडून-सोडून दिले होते ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. मी ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. १२००१२९ आणि १३० स्विचबोर्डच्या यादीतून आजच काढायला सांगितलेत, नाहीतर कुणीतरी त्या डॉक्टरांना जुन्याच पत्त्यावर बोलावत बसेल. उद्या सकाळची चाचणी झाली की इथे कळवतो.