मदत हवी आहे: व्यायाम सारखाच, पण दम फक्त भावाचाच वाढतोय

मी आणि धाकटा भाऊ चार महिने एकच वेळापत्रक पाळतोय. आठवड्यातून तीनदा, ४ मिनिटं जोरात धावणं, ३ मिनिटं हळू, अशा चार फेऱ्या. सुरुवातीला दोघांचीही चौथ्या फेरीत सारखीच दमछाक व्हायची. आता तो फेरी संपली की गप्पा मारतो, मी अजून गुडघ्यांवर हात टेकून वाकलेलाच असतो. छातीवरचा पट्टा दोघांचेही ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास दाखवतो, म्हणजे मी अंगचोरी करत नाहीये.

शोधताना 'हेरिटेज' कुटुंब अभ्यासाबद्दल वाचलं (निष्कर्ष १९९९ चे). ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून २० आठवडे सायकलिंग करून घेतलं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिली वाढली, पण काहींची जवळपास काहीच नाही, तर काहींची लिटरभर! या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ४७ टक्क्यांपर्यंत असू शकतो म्हणे. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात, त्यामुळे आमच्यातला फरक पटतो. पण मन खट्टू होतं हो.

ज्यांचा दम असाच अडला होता, त्यांनी काय बदललं? दिवस वाढवले, की जोर कमी करून लांब पळायला लागलात? आणि जनुक चाचणी केलेलं कुणी आहे का? एसीटीएन३ या जनुकाचं नाव सगळीकडे दिसतं, पण ते वेगाशी आणि ताकदीशी जोडलेलं आहे. माझा प्रश्न दमाचा आहे, मग त्या अहवालाचा मला उपयोग होईल का?