मदत हवी आहे: ऑसिमर्टिनिब चालू असताना कोरियन जिनसेंग द्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याला (वय ६४, साधी मिश्रीही कधी लावली नाही) फुप्फुसाचा अडिनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) आहे. तपासणीत ईजीएफआर म्युटेशन निघालं, म्हणजे गाठीच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल, एक्झॉन १९ डिलिशन (जनुकाचा छोटा तुकडा गळालेला). त्यामुळे केमो न देता ऑसिमर्टिनिब (नेमक्या त्याच बदलावर काम करणारं औषध) ८० मिग्रॅ, रोज एक गोळी चालू आहे. स्कॅन चांगले येताहेत. तक्रार एकच, थकवा. पूजा आटोपली की पुन्हा आडवी होते.

तिचा मुलगा सोलला असतो. त्याने लाल जिनसेंगचा अर्क पाठवलाय. "इकडे सगळे घेतात, कॅन्सरवरही चालतं" असं त्याचं म्हणणं. मग मी जमेल तेवढं वाचलं. मुळं वाफवून वाळवली की लाल जिनसेंग होतं आणि त्या वाफेत मुळातल्या जिनसेनोसाइड्सपैकी (जिनसेंगमधली मुख्य रसायनं) काहींचं आरजी३ नावाचं जिनसेनोसाइड होतं. हे आरजी३ गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, म्हणजे तिची रसदच तोडतं, असं प्रयोगांत दिसलंय. त्याचा भाऊबंद आरएच२ कॅन्सरच्या पेशींना आपणहून मरायला लावतो. चीनमध्ये तर आरजी३ची कॅप्सूल केमोच्या जोडीला देतात. वाचून मोह होतोच!

तर, हा अर्क द्यावा का? गोळीच्या कामात त्याने खोडा तर पडणार नाही ना? डॉक्टरांची तारीख लांब आहे आणि भावाचे रोज फोन येताहेत.

---

प्रतिसाद १:
ताई, तुम्ही वाचलंय ते चूक नाही, पण त्यातलं बरंचसं ए५४९ सारख्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेलं आहे. डिशमध्ये पेशींवर हवं तेवढं आरजी३ ओतता येतं. तोंडाने घेतलेलं फार थोडं रक्तात पोचतं. शिवाय आतड्यातले जिवाणू जिनसेनोसाइड्सची मोडतोड करतात, आणि ते जिवाणू प्रत्येकाचे वेगळे. चीनमधल्या कॅप्सूलमध्ये मोजून घातलेलं आरजी३ असतं. अर्कात अनेक जिनसेनोसाइड्सची खिचडी. कॅप्सूलचे निष्कर्ष बाटलीला लावू नका.

---

प्रतिसाद २:
मी फार्मासिस्ट आहे. माझी काळजी गाठीपेक्षा गोळीची. ऑसिमर्टिनिब यकृतातल्या सीवायपी३ए या एन्झाइमकडून मोडतं. हे एन्झाइम जोरात चाललं की औषध लवकर संपतं. टीबीच्या रिफॅम्पिसिनसोबत रक्तातलं ऑसिमर्टिनिब ७८ टक्क्यांनी घसरतं, इतका फरक! जिनसेंग तेवढं तगडं नाही, पण २०१२ मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या चाचणीत कोरियन जिनसेंगने हेच एन्झाइम वाढवल्याचं दिसलं. उलट २०१० मध्ये छापून आलेली एक केस: इमॅटिनिब (ब्लड कॅन्सरवरची गोळी, तीही याच एन्झाइमकडून मोडते) वर्षानुवर्षं सुखरूप घेणाऱ्या तरुणाने जिनसेंगवालं एनर्जी ड्रिंक सुरू केलं आणि यकृताला इजा झाली. तिथे संशय एन्झाइम अडल्याचा, म्हणजे औषध अंगात साठल्याचा होता. एकच मूळ, परिणाम दोन दिशांना. गोळी छान लागू पडलेली असताना मी तरी हा जुगार खेळणार नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा. अमेरिकन जिनसेंग तिचा असर कमी करतं.

---

प्रतिसाद ३:
वरच्या दोघांना +१. मला वाटतं खरा प्रश्न थकव्याचा आहे. जिनसेंगवर माणसांवरची बऱ्यापैकी मोठी चाचणी आहे ती त्याच विषयाची: अमेरिकेत, २०१३ साली प्रसिद्ध झालेली, ३६४ रुग्ण, रोज २००० मिग्रॅ. चार आठवड्यांनी म्हणावा तसा फरक नव्हता, आठ आठवड्यांनी थकवा कमी झाला. पण ते अमेरिकन जिनसेंग, शुद्ध मुळाची पूड. तुमच्याकडे आलंय ते कोरियन, आणि अर्क. गाठ लहान होते का, हे तिथे पाहिलंच नव्हतं.

त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. ऑसिमर्टिनिबने क्वचित हृदयाचं पंपिंग कमी होतं, त्यामुळे टूडी इको कधी झाला तेही विचारा. थकवा तिथूनही येऊ शकतो. आणि घरात "इंडियन जिनसेंग" म्हणून काही चालू आहे का? ती अश्वगंधा असते, जिनसेंगशी तिचं काही नातं नाही. तिच्यामुळे यकृताला त्रास झाल्याच्या केसेस आहेत.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. बाटली तूर्त उघडत नाही, भावाला प्रतिसाद २ जसाच्या तसा पाठवलाय. वॉरफरिन नाही. अश्वगंधा चूर्ण मात्र आहे, शेजारच्या काकूंनी दिलेलं, रात्री दुधातून. तारखेची वाट न बघता उद्याच ओपीडीत फोन करते आणि इकोचंही विचारते. तोवर चूर्ण थांबवलेलंच बरं ना? की एकदम बंद केल्याने काही होतं?